हवाई दल सोडून ऑस्ट्रेलियात फायनान्समध्ये यायचं म्हणतोस, त्यावर

बाबू, तुझा प्रश्न दोनदा वाचला. इंजिनिअरिंग करून एएफकॅट या प्रवेश परीक्षेतून हवाई दलात गेलास, एमआय-१७ हेलिकॉप्टर चालवतोस. शॉर्ट सर्व्हिसची, म्हणजे ठरावीक मुदतीच्या नोकरीची, १४ वर्षं पुढच्या वर्षी संपतात, वय ३६, पेन्शन नाही. माजी सैनिकांच्या पुनर्वसन महासंचालनालयाच्या कोट्यातून आयआयएमचा सहा महिन्यांचा कोर्स करायचा आणि 'दादा, तुमच्यासारखं' पर्थला येऊन सीएफओपर्यंत, म्हणजे कंपनीच्या वित्तप्रमुखापर्यंत, जायचं, असा बेत. मीही आधी हेलिकॉप्टर पायलटच होतो, म्हणून मला विचारलंस. बायको बीएस्सी नर्सिंग, वर्ध्याला नोकरीत. बाबा आर्वीकडे कापूस-तूर करतात.

आधी कडू ते सांगतो. इथला स्थलांतराचा व्हिसा गुणांवर ठरतो. अकाउंटंट म्हणून अर्ज केलास तर उड्डाणाच्या १४ वर्षांना शून्य गुण. ज्या पेशाचं नाव अर्जात टाकशील, अनुभव त्याच पेशातला धरतात. वयाला ३३ ते ३९ पर्यंत २५ गुण, चाळिशी गाठली की १५, आणि ४५ पूर्ण झाले की विषयच संपला. आयआयएमचा कोर्स जरूर कर, ताळेबंद वाचायची भीती जाते. पण कौशल्य तपासणाऱ्या संस्था बघतात की पदवीला अकाउंटिंग, ऑडिट, कंपनी कायदा हे विषय होते का. तुझ्या बीईत ते काहून असतील?

एजंट म्हणेल, इथंच येऊन मास्टर्स करा. त्याला एवढंच विचार की शिक्षणानंतर कामासाठी मिळणारा ४८५ व्हिसा मला मिळेल का? जुलै २०२४ पासून त्याची वयोमर्यादा ५० वरून ३५ वर आणली आहे. पीएचडीवाल्यांना सूट आहे, तुझ्यासारख्याला नाही. लाखोंची फी भरून दोन वर्षांनी परतीचं तिकीट, असा तो मामला.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: अर्ज बायकोच्या नावानं करा. मुख्य अर्जदार ती, तू जोडीदार. मेसमध्ये सांगायला जड जाईल, पण इथं नर्सची गरज कायम आहे आणि तिचा सगळा अनुभव तिच्याच पेशातला आहे. तिला नोंदणीसाठी बहुधा एनसीएलईएक्स ही नर्सिंगची परीक्षा आणि त्यानंतर ॲडलेडला येऊन प्रात्यक्षिक द्यावं लागेल, तेव्हा आतापासून तयारी लागते. कायमच्या व्हिसावर जोडीदार म्हणून आलास की तुला कामाची पूर्ण मुभा, अकाउंटंटच्या तपासणीची कटकट नाही. तोवर तू एसीसीए या ब्रिटिश अकाउंटंट संस्थेचे पेपर सुरू कर. एकूण १३ आहेत, बीईमुळे सूट मिळेल अशी आशा ठेवू नकोस, पण पोस्टिंगवर असताना भारतातूनच देता येतात. सदस्यत्वासाठी तीन वर्षांचा संबंधित कामाचा अनुभवही लागतो, तो इथं होईल.

आता कामाचं. मी खाणींना यंत्रांचे सुटे भाग पुरवणाऱ्या कंपनीत ॲनालिस्ट म्हणून लागलो, तेव्हा माझी मॅनेजर माझ्याहून खूप लहान होती. मुलाखतीत हेलिकॉप्टरच्या गोष्टी सगळ्यांनी आवडीनं ऐकल्या, पगार मात्र एक्सेलच्या चाचणीवर ठरला. महिनाअखेरीनंतरचे पहिले पाच दिवस बघशील तर कळेल. माल साइटवर उतरलाय, ट्रकवाल्याचं बिल आलेलं नाही, तरी खर्च त्याच महिन्यात धरायचा. मग डेपोला फोन, पावतीचा फोटो मागव, अंदाज बांध, नोंद टाक. पुढच्या महिन्यात बिल आलं की ती नोंद उलटव. हे कंटाळवाणं काम मन लावून केलं तरच माणूस कंट्रोलर, म्हणजे हिशेब विभागाचा प्रमुख, होतो, सीएफओ त्याच्या पुढे.

पायलटला इथं खरा उपयोग होतो तो डीब्रीफच्या, म्हणजे उड्डाणानंतर बसून चुका तपासायच्या, सवयीचा. रँक बाहेर ठेवून 'इथं चुकलं' म्हणणं आपल्याला सोपं जातं. फायनान्समध्ये वाईट बातमी उशिरा सांगणारा माणूस सगळ्यात महाग पडतो.

आणि खेळतं भांडवल, म्हणजे रोजचा धंदा चालवायला लागणारा पैसा, म्हणजे काय, ते बाबांना विचार. दिवाळीच्या तोंडावर हातात पैसा नाही, म्हणून ओला कापूस खेडा खरेदीत, गावात येणाऱ्या व्यापाऱ्याला, पडेल भावात द्यावा लागतो. सीसीआयच्या (सरकारी कापूस महामंडळाच्या) केंद्रावर १२ टक्क्यांवर ओलावा असला तर घेत नाहीत, आणि वाळवत थांबायची ताकद नसते. मी दर सोमवारी पुढच्या १३ आठवड्यांची रोकड मांडतो ती याच भीतीपोटी, की आपल्या कंपनीवर पडेल भावात विकायची पाळी येऊ नये.

एक जपून. 'प्रशिक्षण सल्लागार' व्हा म्हणून परदेशातून भरमसाट पैशाचे मेल येतील. ऑक्टोबर २०२२ मध्ये ब्रिटननं स्वतःच्या माजी लष्करी पायलटांना चीनकडून येणाऱ्या अशाच आमिषांबद्दल जाहीर इशारा दिला होता. आपल्याकडचा १९२३ चा गुप्तता कायदा वर्दी उतरवल्यावरही लागू असतो. उत्तरच देऊ नकोस.

निघताना बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयाचं खातं, करून घे. पीपीएफ असेल तर मुदतीपर्यंत चालू ठेवता येतं, नवीन मात्र उघडता येत नाही. अनिवासी झाल्यावर शेतजमीन विकत घेता येत नाही, वारसानं आलेली चालते. बाबांना शेजारचं वावर तुझ्या नावानं घ्यायचं असेल तर खरेदीखत आणि फेरफार तिकिटं काढायच्या आधी उरकून घे.