वाचक विचारतात: ज्यू लोकांबद्दल मिळून शिकायचंय, सुरुवात कुठून करू?

प्रश्न: नमस्कार ताई, आम्ही गंगापूर रोडच्या काही मैत्रिणी दर महिन्याला एक विषय घेऊन वाचतो आणि मग एकीच्या घरी जमून बोलतो. या वेळी ज्यू संस्कृती, त्यांचा धर्म, त्यांचं रोजचं जगणं असा विषय ठरलाय, पण आमच्यातल्या कुणाचीच एकाही ज्यू माणसाशी ओळख नाही. नेटवर शोधलं की एक तर हिटलर येतो नाही तर युद्धाच्या बातम्या. मग सुरुवात कुठून करायची?
– एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर: ताई, विषय ऐकूनच खूप बरं वाटलं. माझं ऐकाल तर जेरुसलेम नंतर, आधी अलिबाग. आपल्या रायगड जिल्ह्यात बेने इस्राएल हा ज्यू समाज कित्येक शतकं राहिला, घरात मराठी बोलणारा, आडनावं पेणकर, रोहेकर, किहीमकर, दिवेकर अशी गावावरून आलेली. त्यांच्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात की पूर्वज ज्या जहाजातून आले ते नवगावजवळ फुटलं आणि सात पुरुष नि सात बायका वाचल्या. नक्की कधी, यावर अभ्यासकांचं एकमत नाही, पण नवगावला त्यांचं जुनं दफनस्थान आणि स्मारक आहे. हे लोक तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून गावात त्यांना शनिवार तेली म्हणायचे. हिब्रू ग्रंथ हाताशी नव्हते, बाकीच्या ज्यूंशी संबंध तुटलेला, तरी शनिवारची सुट्टी, मुलाची सुंता, 'श्मा इस्राएल' ही प्रार्थना आणि कुठले मासे खायचे कुठले नाही एवढं त्यांनी धरून ठेवलं. डेव्हिड रहाबी नावाच्या ज्यू पाहुण्याने म्हणे इथल्या बायकांना वेगवेगळे मासे रांधायला दिले, त्यांनी खवले नि पर नसलेले मासे बाजूला काढले आणि त्याची खात्री पटली की हे आपलेच लोक. आख्यायिका आहे, पण मला ती फार आवडते, कारण धर्म टिकवायचं काम त्यात स्वयंपाकघरात बायकांनी केलेलं दिसतं.

तुमच्या पहिल्या बैठकीला मी पंचांग घ्या म्हणेन, कारण ते आपल्याला लगेच समजतं. त्यांचे महिनेही चंद्रावर चालतात आणि सण ऋतूंपासून लांब जाऊ नयेत म्हणून 19 वर्षांत 7 वेळा एक महिना जास्तीचा घालतात, म्हणजे आपला अधिक महिनाच की! फरक एवढाच की आपला अधिक महिना कधी ज्येष्ठ कधी श्रावण असा फिरतो, त्यांचा मात्र कायम अदार. त्यामुळे काही वर्षी दोन्ही पंचांगं जुळतात नि काही वर्षी महिनाभर मागेपुढे होतात. 22 सप्टेंबर 2025 ला आपल्याकडे घट बसले आणि त्याच दिवशी सूर्य मावळल्यावर त्यांचं 5786 साल लागलं, कारण त्यांचा दिवस संध्याकाळी सुरू होतो. इजिप्तच्या गुलामीतून सुटल्याची आठवण असलेला पेसाहचा सण पौर्णिमेला येतो, पुरिम हा त्यांचा आणखी एक सण साधारण होळीच्या सुमाराला, म्हणून कोकणात पुरिमला होळीचा सणच म्हणायचे. नव्या वर्षाला नव्याचा सण, आणि जेरुसलेमचं मंदिर पाडलं गेलं त्या दुःखाच्या उपासाला बिरड्याचा रोजा, कारण त्या दिवशी वालाचं बिरडं असायचं.

आणि तुम्ही जे करताय ना, एकत्र बसून वाचणं, ती तर ज्यू धर्माची अगदी मुख्य गोष्ट आहे. तालमूद हा त्यांचा प्रचंड ग्रंथ म्हणजे पानोपानी रब्बींचे, म्हणजे धर्मपंडितांचे, वाद, एक असं म्हणतो दुसरा तसं, आणि हरलेल्या बाजूचं म्हणणंही जपून लिहून ठेवलेलं. तो एकट्याने वाचायचा नसतो, दोघंदोघं समोरासमोर बसून मोठ्याने वाचतात, अडवतात, भांडतात, त्या जोडीला हव्रुता म्हणतात. 1923 मध्ये पोलंडचे रब्बी मेइर शपिरो यांनी सुचवलं की जगभरच्या ज्यूंनी रोज एकच पान वाचावं, तेव्हापासून ते चालू आहे आणि सगळा ग्रंथ संपायला साडेसात वर्षं लागतात, संपला की परत पहिलं पान. आपल्याकडे ज्ञानेश्वरीचं पारायण जसं सगळे मिळून करतात तसंच, फक्त इथे मध्येमध्ये प्रश्न विचारणं हेच पुण्य. पेसाहच्या रात्री तर घरातल्या सगळ्यात लहान मुलाने चार प्रश्न विचारल्याशिवाय त्या सुटकेची गोष्टच सुरू होत नाही. त्या रात्री वाचायच्या पोथीला हग्गादा म्हणतात, 1874 ला पुण्यात ती मराठी भाषांतरासह छापली गेली आणि त्यातल्या चित्रात साड्या नेसलेल्या बायका बिनखमिराची भाकरी करताना दाखवल्यात! हे चित्र शोधून बैठकीत नक्की दाखवा.

प्रश्न: सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, बघायला जाता येईल का? आणि माझा मुलगा म्हणतो ज्यू म्हणजे इस्रायल, राजकारणात कशाला पडता.
– एक वाचक, नाशिकरोड

उत्तर: जाता येतं, पण आधी विचारून, ओळखपत्र घेऊन. 2008 च्या हल्ल्यात कुलाब्याचं नरिमन हाउस हे ज्यू केंद्र लक्ष्य झालं होतं, त्यामुळे पहारा असतो, त्याचा राग मानू नका. सहल शनिवारी अजिबात ठरवू नका, शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारी रात्रीपर्यंत शब्बाथ, म्हणजे त्यांची विश्रांतीची सुट्टी, पाळणारे लोक फोनसुद्धा उचलत नाहीत, रविवार बघा. मुंबईत मशीद बंदर स्टेशनजवळ शाआर हारहमीम हे 1796 चं सिनेगॉग आहे, सॅम्युअल इझिकेल दिवेकरांनी सुरू केलेलं. पुण्याला कॅम्पात डेव्हिड ससून यांचं ओहेल डेव्हिड, ज्याला सगळे लाल देऊळ म्हणतात. पण मला विचाराल तर अलिबागची इस्राएल आळी आणि तिथलं मागेन आबोथ, म्हणजे नवगावही त्याच फेरीत होईल.

मुलाला एवढंच सांगा की इस्रायल देश 1948 चा, आणि हे लोक त्याच्या कितीतरी आधीपासून आपल्याकडे होते. त्या सुमाराला इथे साधारण 20,000 बेने इस्राएल होते, नंतर बरेचसे तिकडे गेले आणि तिथे गेल्यावर त्यांना आपण पूर्ण ज्यू आहोत हे मान्य करून घ्यायला जेरुसलेममध्ये धरणं धरावं लागलं, 1964 ला तो प्रश्न सुटला. तिकडे जाऊनही 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक काढणारी ही माणसं आहेत. आणि जे गेले नाहीत त्यांना महाराष्ट्र सरकारने 2016 मध्ये अल्पसंख्याक दर्जा दिला. कुठल्या सरकारच्या निर्णयाचा जाब इथल्या एखाद्या पेणकर आजींना विचारणं मला तरी अन्यायाचं वाटतं. राजकारणावर बोलायचं तर वेगळ्या बैठकीत बोला, त्याने हा विषय अडवू नका.

प्रश्न: बैठकीला बेने इस्राएलांचा मलिदा करायचा विचार आहे. चालेल का, आणि कसा करतात?
– एक वाचक, पंचवटी

उत्तर: खायला म्हणून जरूर करा. पोहे धुऊन निथळायचे, त्यात ओलं खोबरं, साखर किंवा गूळ, वेलची, काजू, बेदाणे कालवायचे, ताटात मध्ये ढीग आणि भोवती फळं. त्यांच्याकडे हे ताट एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या नावाने असतं, लग्नाआधी, नवीन घर घेतल्यावर, नवस फेडताना. झाडाच्या फळाची प्रार्थना वेगळी आणि केळ्याची वेगळी, कारण केळ त्यांच्या शास्त्रात झाडात धरत नाहीत. त्या प्रार्थनांची नक्कल मात्र करू नका, तो त्यांचा विधी आहे. पुढे कधी कुणी बेने इस्राएल पाहुणे तुमच्याकडे आले तर काय चालेल ते आधी फोन करून विचारा, काही घरांत कोशर, म्हणजे खाण्यापिण्याचे धार्मिक नियम, कडक असतं, मटण आणि दूध एका जेवणात नसतं (म्हणून तर त्यांच्या रश्शात नारळाचं दूध इतकं), आणि काहीजण बाहेरच्या भांड्यातलं खात नाहीत, तेव्हा अख्खी फळं आणि शहाळं ठेवा, त्यात कुणालाच अवघडल्यासारखं होत नाही.