वाचकांचे प्रश्न : मिलिबँड विद्यापीठात कसे टिकले?

प्रश्न : मी शिवाजी विद्यापीठात राज्यशास्त्र विषयात एम. ए. करीत आहे. राल्फ मिलिबँड आणि निकोस पुलान्झास या दोन मार्क्सवादी अभ्यासकांमधला भांडवलशाहीतील राज्यसंस्थेविषयीचा वाद आमच्या टिपणांत दीड पानात उरकला आहे. राल्फ मिलिबँड प्राध्यापक होते की कार्यकर्ते? उघड डावी भूमिका घेऊन ते विद्यापीठात कसे टिकले? मला पीएच. डी. करायची आहे, म्हणून विचारतो.
— एक विद्यार्थी, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : ते पेशाने प्राध्यापकच होते, मात्र त्यांची बाजू नोकरी लागण्याच्या कितीतरी आधी ठरली होती. १९२४ साली ब्रुसेल्समध्ये एका ज्यू कुटुंबात जन्मलेला हा मुलगा मे १९४० मध्ये जर्मन फौजा येताच वडिलांसह ऑस्टेंड बंदरातून बोटीने इंग्लंडला गेला. आई आणि बहीण मागेच राहिल्या. लंडनमध्ये बॉम्बहल्ल्यांत पडलेल्या घरांतील सामान बाहेर काढण्याची मजुरी त्याने केली आणि हायगेटच्या दफनभूमीत मार्क्सच्या थडग्यासमोर उभे राहून कामगारांची बाजू न सोडण्याची शपथ घेतली. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये त्यांना डाव्या विचारांचे राज्यशास्त्रज्ञ हॅरॉल्ड लास्की हे गुरू लाभले. आपले कृष्ण मेनन आणि के. आर. नारायणन हेही लास्कींचेच विद्यार्थी.

त्याच संस्थेत मिलिबँड १९४९ पासून शिकवू लागले. पुढे १९६७ पासून तेथे विद्यार्थ्यांचे आंदोलन पेटले, तेव्हा त्यांनी कारवाई करणाऱ्या व्यवस्थापनाविरुद्ध विद्यार्थ्यांची बाजू घेतली. १९७२ मध्ये ते लीड्स विद्यापीठात प्राध्यापक म्हणून गेले, १९७८ मध्ये तेही पद सोडले आणि नंतर अमेरिकेत व कॅनडात शिकवले.

ते टिकले ते पुराव्याच्या बळावर, असे माझे मत आहे. सत्ता अनेक गटांत विभागलेली असते, असे मानणाऱ्या अभ्यासकांना उत्तर देताना त्यांनी १९६९ च्या ‘द स्टेट इन कॅपिटलिस्ट सोसायटी’ या ग्रंथात सनदी अधिकारी, सेनाधिकारी आणि न्यायाधीश कोणत्या घरांतून येतात व कोठे शिकतात, हे तपासले. माणसे बदलली तरी राज्यसंस्थेची रचनाच भांडवलाचे हित सांभाळते, हा पुलान्झास यांचा आक्षेप. तो वजनदार आहे. पण आधी मूळ ग्रंथ वाचावा, मग आक्षेप.

पीएच. डी.साठी एक सुचवतो. आपल्या जिल्ह्यातील एखादा तालुका घ्या. तेथील साखर कारखाना, शिक्षणसंस्था आणि दूध संघ यांच्या गेल्या तीस वर्षांतील संचालकांच्या याद्या मिळवा आणि कोणती आडनावे तिन्ही ठिकाणी येतात, ते पाहा. मिलिबँड यांची पद्धत तेथे कोठवर चालते आणि पुलान्झास कोठून लागतात, हे त्या याद्यांवरच कळेल.