ट्रंकेतल्या वह्या आणि पाच वर्षांचे पैसे

फोंडा
चवथ आटोपल्यानंतरचा रविवार

प्रिय बाय,

तुझा पीएच.डी.च्या अर्जाचा सारांश वाचला. बारा पानं, आणि शीर्षक ‘गोव्यातील मराठी रंगभूमी : एक चिकित्सक अभ्यास’. ‘एक चिकित्सक अभ्यास’ ही शेपटी आपल्याकडे प्रबंधांना ढिगाने लावलेली असते. ती काढली तरी कुणाचं काही जात नाही. मग उरते ती ‘गोव्यातील मराठी रंगभूमी’, आणि तिला तुझा एक जन्म पुरायचा नाही.

पण त्या दिवशी दारात चप्पल घालताना तू सहज जे बोलून गेलीस, ते या बारा पानांत कुठंच नाही. आजोबांची पत्र्याची ट्रंक, तिच्यात जत्रेच्या नाटकांच्या हिशेबाच्या वह्या. गॅसबत्त्यांचं भाडं, पेटीवाल्याची बिदागी, स्त्रीपार्टी नटासाठी आणलेलं लुगडं, आणि एका हस्तलिखिताच्या शेवटच्या पानावर पोर्तुगीज कचेरीचा शिक्का. अगं, तुझा प्रबंध तिथं माळ्यावर पडून आहे, आणि तू सारांशाच्या पहिल्याच पानावर भरतमुनींना आणून बसवलंयस!

अर्ज वाचायला बसलेल्या माणसाला एवढंच कळायला हवं असतं की नोंदणी झाल्यावर पहिल्या सोमवारी सकाळी ही मुलगी कुठल्या कपाटासमोर बसणार आहे. मी स्वतः काही निवड समित्यांवर बसले आहे, म्हणून सांगते. ज्याच्याकडे कपाटाचं उत्तर असतं त्याचा विषय आपोआप लहान होतो, मुदत ठरते, खर्चही सांगता येतो. तुझं उत्तर तयार आहे. ‘फोंडा महालातील देवस्थानांची उत्सवी नाटकं : खर्च, परवाने आणि प्रेक्षक, 1930 ते 1961’ असं काहीतरी. पोर्तुगीज हुकूमशहा सालाझारच्या राजवटीत छापायच्या ओळीवर सेन्सॉर बसलेला होता, नाटक करायचं तर सरकारी परवानगी लागे, आणि तरीही गावोगाव मराठी नाटकं होत राहिली. ती कुणाच्या पैशांवर झाली, काय दाखवून आणि काय लपवून झाली, हे त्या वह्यांतून निघेल. 1961च्या डिसेंबरानंतर हिशेबातली नाणी बदलतात, तिथं थांब. मुक्तीनंतरच्या नाट्यस्पर्धा हा वेगळा विषय आहे, तो दुसऱ्या कुणासाठी ठेव.

एका घरच्या वह्यांवर मात्र प्रबंध उभा राहत नाही. त्यांना जोड म्हणून देवस्थानचा कारभार पाहणाऱ्या महाजनांकडचं दप्तर लागेल. ते मिळायला वेळ लागतो, कारण किल्ली एकाकडे असते आणि परवानगी दुसऱ्याकडे. आजोबांचं नाव सांगून आत्तापासून जाणं-येणं सुरू कर. पणजीत पाटोवरच्या मध्यवर्ती ग्रंथालयात जुनी वर्तमानपत्रं बघ. ती संस्था 1832ची आहे. पर्वरीच्या झेवियर सेंटर या इतिहास संशोधन केंद्रालाही एक फेरी मार. पुराभिलेख खात्यात जाशीलच. हे दप्तर 1595ला सुरू झालं, दियोगु दु कोतु हा त्याचा पहिला रखवालदार. तिथले राजाच्या पत्रव्यवहाराचे खंड पाहायला जगभरातून लोक येतात. तू त्यात रमू नकोस. तुला विसाव्या शतकातल्या प्रशासनाचे कागद हवेत, तेवढेच माग.

आणि पोर्तुगीज शिक. फाडफाड बोलता नाही आली तरी चालेल, परवान्याचा अर्ज वाचता आला पाहिजे. पणजीत शिकायची सोय आहे, विद्यापीठातही आहे. विसाव्या शतकातल्या हिशेबातही मोडी भेटते, म्हणून तीही शिकून घे. ‘पोर्तुगीज आणि मोडी वाचते’ हे चार शब्द अर्जात तुझ्या सगळ्या प्रमाणपत्रांपेक्षा जड भरतील.

आता पैसे. मागच्या वेळी हा विषय निघाला आणि तू खाली बघायला लागलीस, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी नाव नोंदवलं ते 1990च्या दशकात. लेक्चर बेसिसवर शिकवत होते; तासाला पैसे, मे महिन्यात शून्य. ‘मराठीवाल्यांना कोण फेलोशिप देतं’ असं कुणीतरी म्हणालं आणि मी ते खरं मानलं. नेटचा, म्हणजे फेलोशिप ठरवणाऱ्या राष्ट्रीय पात्रता परीक्षेचा, फॉर्मसुद्धा भरला नाही. मार्गदर्शक मध्येच निवृत्त झाले, नवीन मिळेपर्यंत दीड वर्ष गेलं. सगळी मिळून नऊ वर्षं. शेवटी टायपिंग आणि बाइंडिंगसाठी हातातली एक पाटली मोडली. दुसरी अजून आहे, एकटीच. लोक याला तपश्चर्या म्हणतात, मी निव्वळ बेहिशेबीपणा म्हणते. तू तो करू नकोस.

नेटची परीक्षा वर्षातून दोनदा होते, जून आणि डिसेंबरच्या नावाने. पहिला पेपर सगळ्यांना सारखा, 50 प्रश्न, 100 गुण. दुसरा विषयाचा, 100 प्रश्न, 200 गुण. दोन्ही मिळून तीन तास, आणि चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. मराठीची मुलं दुसऱ्या पेपरात बाजी मारतात आणि पहिल्यात, त्या टक्केवारीच्या आणि तर्काच्या प्रश्नांत, घसरतात. तुझंही तेच होणार, कारण टक्केवारी म्हटलं की तुझा चेहरा कसा होतो ते मी पाहिलंय. दोन महिने रोज अर्धा तास फक्त तेच कर.

जेआरएफ, म्हणजे नेटमध्ये वर आलेल्यांना मिळणारी संशोधनाची फेलोशिप, लागली तर 2023च्या जानेवारीपासूनच्या दराने पहिली दोन वर्षं महिना 37,000 आणि पुढे सीनियर झाल्यावर 42,000. पाच वर्षं धरलीस तर बेरीज बरोबर 24 लाख होते. घरभाडं भत्ता वेगळा. शिवाय आकस्मिक खर्चाला मानव्यविद्येत पहिली दोन वर्षं 10,000 आणि नंतर 20,500 दरसाल. झेरॉक्स, प्रवास, पुस्तकं त्यातून. जेआरएफला वयाची मर्यादा 30 आहे आणि बायकांना पाच वर्षांची सवलत, तेव्हा तू घाबरण्याचं कारण नाही. पण ‘अजून वेळ आहे’ म्हणून दोन प्रयत्न फुकटही घालवू नकोस.

थोडक्यात हुकली तरी निकाल वाया जात नाही. 2024पासून नेटच्या गुणांवर पीएच.डी.चा प्रवेश होतो. जेआरएफ नसेल तर 70 टक्के वजन त्या गुणांना आणि 30 मुलाखतीला, आणि ते गुण वर्षभरच चालतात. म्हणजे निकाल हातात आला की त्याच वर्षी प्रवेश घ्यायचा.

जेआरएफ नाही लागली तर भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद आणि भारतीय इतिहास अनुसंधान परिषद यांच्या फेलोशिप आहेत. रक्कम कमी, पण तुझा विषय खर्च आणि परवान्यांचा केलास तर तो साहित्याइतकाच इतिहासाचा होतो आणि ही दारं उघडतात. भरतमुनींसकट हे जमलं नसतं. तुझ्या त्या वेळीप मैत्रिणीला सांग, अनुसूचित जमातींसाठी राष्ट्रीय फेलोशिप वेगळी आहे. गावडा, कुणबी, वेळीप 2003ला त्या यादीत आले आणि तरी आपल्या मुलांना अजून याची माहिती नसते, याचा मला राग येतो.

फेलोशिप लागली म्हणजे पहिल्या महिन्याला पैसे खात्यात, असं समजू नकोस. दर महिन्याला विद्यापीठातून तुझी पुष्टी पोर्टलवर चढावी लागते. कुणी रजेवर गेलं, कुणी पासवर्ड विसरलं की तो महिना अडकला. माझ्या एका विद्यार्थ्याला सात महिने पैसे नव्हते आणि मग एकदम आले. मधल्या काळात तो मेव्हण्याच्या दुकानात बसला. सहा महिन्यांची बेगमी बाजूला ठेवूनच नाव नोंदव. आणि ज्या टेबलावर तो कागद असतो तिथल्या माणसाला नावाने ओळख. चवथीला नेवऱ्या दे. ही लाच नव्हे, शेजारधर्म आहे.

मार्गदर्शकाबद्दल. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022च्या नियमांप्रमाणे प्राध्यापकाला आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चार विद्यार्थी घेता येतात. निवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी उरली असतील तर नवा विद्यार्थी घेता येत नाही. मी नोंदवलं तेव्हा हे विचारायचं असतं हेच मला ठाऊक नव्हतं. ताळगावच्या पठारावर विद्यापीठात जाऊन आधी ‘जागा आहे का’ हे विचार, विषय मग सांग. आणि त्यांच्याकडे आत्ता काम करणाऱ्या एखाद्या मुलीला कँटीनमध्ये गाठून चहा पाज. प्रकरण दिल्यावर किती दिवसांनी परत मिळतं, एवढंच विचार. विद्वत्तेची चौकशी करायची गरज नाही, ती सगळ्यांकडेच असते. मुदत कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सहा, फेरनोंदणीने आणखी दोन. बायकांना वर दोन मिळतात. तू मात्र साडेचार धर.

लिस्बनचं स्वप्न दिसतंय तुझ्या शेवटच्या पानावर. वसाहतींच्या कारभाराचं दप्तर तिथं आहे, त्यामुळे जायला हवंच, पण सबंध पीएच.डी. तिथं करायची का, हा वेगळा हिशेब. इंग्लंडात अर्जासोबत पक्का संशोधन प्रस्ताव लागतो आणि शुल्कासकट पैसे देणाऱ्या शिष्यवृत्त्या मोजक्या. फेलिक्स ही त्यांतली एक. अमेरिकेत पाच-सहा वर्षं, पण निधी बहुधा प्रवेशासोबतच येतो आणि बदल्यात शिकवावं लागतं; तिथं प्रस्तावापेक्षा लेखनाचा नमुना पाहतात. बहुतेक ठिकाणी मुदती डिसेंबर-जानेवारीच्या आसपास, म्हणजे तयारी पावसाळ्यातच व्हायला हवी. निधीशिवाय नुसता प्रवेश आला तर घेऊ नकोस. वडील जमीन विकायला तयार होतील, म्हणूनच हे आधी लिहून ठेवते. माझं मत विचारशील तर नोंदणी इथं कर आणि मधल्या वर्षी तीन-चार महिन्यांचं अनुदान काढून लिस्बनला जाऊन ये. पणजीच्या फाँतइन्याशमधल्या फुंदासांव ओरिएंत या पोर्तुगीज संस्थेत जाऊन चौकशी कर. तुझ्या कॉलेजापासून चालत जाण्याइतकं जवळ आहे.

शिफारसपत्रं मागताना सहा आठवडे आधी माग आणि सोबत सारांश, गुणपत्रिका, शेवटची तारीख दे. कुणी म्हणालं, ‘तूच लिहून आण, मी सही करतो,’ तर नम्रपणे दुसरीकडे जा. तिन्ही पत्रं एकाच हाताची असली की वाचणाऱ्याला दुसऱ्या ओळीत कळतं. माझं पत्र मी लिहीन, पण नवा सारांश आल्यावर. चार पानं, जास्त नकोत.

पैसे घेऊन लेख छापून देणाऱ्यांचे मेल तुला येऊ लागतील, सरळ डिलीट कर. प्रबंध द्यायला छापील लेखाची अट आता केंद्रीय नियमात राहिलेली नाही, त्यामुळे घाबरून दोन-तीन हजार घालवायचं काही कारण नाही.

त्या ट्रंकेचं मात्र आजच बघ. पावसाळाभर माळ्यावर होती म्हणजे कसर लागलीच असणार. वह्या उन्हात टाकू नकोस, पडवीत सावलीला वाऱ्यावर ठेव, मग धुतलेल्या सुती कापडात गुंडाळ. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावलास तर मी तुझ्याशी बोलणार नाही. मोबाइलवर पानापानाचे फोटो काढ, पहिला फोटो मुखपृष्ठाचा, आणि पानांचा क्रम मोडू नकोस. पाठवशील तेव्हा गॅसबत्त्यांच्या भाड्याचं पान आधी पाठव. आमच्या गावात रात्रीला काय भाडं पडायचं यावर माझ्या वडिलांचा आणि काकांचा जन्मभर वाद होता.

तुझी
मॅडम