बॅचचा ग्रुप, महिन्याचा कॉल आणि जुने फोटो
वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

आमच्या दहावीच्या बॅचच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सत्तर-ऐंशी जण आहोत. सकाळपासून सुप्रभात, सुविचार आणि फॉरवर्ड सुरू असतात. एका मैत्रिणीचे वडील गेले, ते निम्म्या लोकांना आठवड्यानं कळलं. ग्रुप बंद न करता काही करता येईल का? (एक वाचक, सांगली)

फॉरवर्डवर बंदी घालायच्या भानगडीत पडू नका. चार जण दुखावतात, दोघं ग्रुप सोडतात आणि पंधरा दिवसांत सुविचार पुन्हा सुरू होतात. त्यापेक्षा गप्पा आणि निरोप वेगळे करा.

त्याच मंडळींचा दुसरा ग्रुप करा आणि नावातच लिहा: ‘बॅच – फक्त निरोप’. ग्रुपच्या नावावर टॅप करून ‘ग्रुप परमिशन्स’मध्ये जा आणि मेसेज पाठवायची परवानगी फक्त अ‍ॅडमिनपुरती ठेवा. मग सगळ्यांना सांगा, की गप्पांचा ग्रुप खुशाल ‘ऑलवेज’ म्यूट करा, पण निरोपाच्या ग्रुपचा आवाज चालू ठेवा. हे एकेकाला फोन करून सांगावं लागतं. नुसता मेसेज टाकला तर तोही सुविचारांतच बुडतो.

अ‍ॅडमिन एकच ठेवू नका, तीन-चार हवेत आणि शक्यतो वेगवेगळ्या गावांतले. एकुलत्या अ‍ॅडमिनचा फोन बंद असला की निरोप अडकतो. तो ग्रुपमधून बाहेर पडला, तर व्हॉट्सअ‍ॅप उरलेल्यांपैकी कुणालाही अ‍ॅडमिन करून टाकतं, आणि अनेकदा त्या माणसाला याचा पत्ताही नसतो.

दुःखद निरोप लिहिताना कोण, काय, कुठे, किती वाजता आणि कुणाशी बोलायचं, या पाच गोष्टी एकाच मेसेजमध्ये लिहा आणि तो पिन करा. पिन २४ तास, ७ दिवस किंवा ३० दिवस ठेवता येतो. गप्पांच्या ग्रुपवर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’चे साठ मेसेज पडले, की अंत्यसंस्काराची वेळ शोधत वरवर जावं लागतं, निरोपाच्या ग्रुपवर ती अडचण उरत नाही. सांत्वनासाठी घरी जावं किंवा फोन करावा, हे आमचं स्पष्ट मत आहे.

स्नेहसंमेलनाची तारीख ठरवायला ‘पोल’ वापरा. त्यात जास्तीत जास्त १२ पर्याय देता येतात. तारखांच्या पोलमध्ये एकाहून अधिक उत्तरांची मुभा चालू ठेवा, कारण एकाच माणसाला दोन रविवार सोयीचे असू शकतात. ‘येणार की नाही’च्या पोलमध्ये ती बंद करा, नाहीतर काही जण दोन्हीकडे टिचकी मारतात आणि जेवणाची ताटं मोजता येत नाहीत.

आम्ही सहा मैत्रिणी. चौघी पुण्यात, एक न्यू जर्सीत, एक मेलबर्नला. महिन्यातून एकदा व्हिडिओ कॉल करायचं ठरवतो, पण दर वेळी कुणीतरी तासभर आधी किंवा नंतर येतं. (एक वाचक, पुणे)

भारतात घड्याळ वर्षभर एकच असतं. तुमच्या दोन मैत्रिणींकडे मात्र ते वर्षातून दोनदा बदलतं, आणि तेही उलट्या दिशेनं. न्यू जर्सीत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ तासभर पुढे जातं आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतं. मेलबर्नला ते ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी पुढे जातं आणि एप्रिलच्या पहिल्या रविवारी मागे. त्यामुळे न्यू जर्सी आपल्या कधी साडेनऊ, कधी साडेदहा तास मागे असते. मेलबर्न कधी साडेचार, कधी साडेपाच तास पुढे.

संध्याकाळची वेळ सगळ्यांना आधी सुचते, पण तुमच्या बाबतीत ती चालणार नाही. पुण्यात संध्याकाळी साडेपाच वाजता डिसेंबरात न्यू जर्सीत सकाळचे सात आणि मेलबर्नला रात्रीचे अकरा वाजलेले असतात. रविवारी सकाळी सात धरा. तेव्हा न्यू जर्सीत शनिवारची रात्र असते, साडेआठ किंवा साडेनऊची. मेलबर्नला रविवारची दुपार, साडेअकरा किंवा साडेबाराची. वर्षभर कुणालाही आडवेळ होत नाही. पुण्यातल्या चौघींना लवकर उठावं लागेल, पण महिन्यातून एका रविवारी तेवढं करायला हरकत नसावी.

आता ही वेळ गूगल कॅलेंडरमध्ये घाला आणि ती पुण्यातल्याच मैत्रिणीनं घालावी. खरी चूक इथेच होते. न्यू जर्सीतल्या मैत्रिणीनं तिथल्या घड्याळाप्रमाणे दर महिन्याचा कार्यक्रम बनवला, तर तिथली वेळ कायम राहते आणि मार्च-नोव्हेंबरात तुमची वेळ तासानं सरकते. नवीन इव्हेंट उघडा, वेळ सकाळी ७, टाइम झोन भारताचा, पुनरावृत्ती ‘दर महिन्याच्या पहिल्या रविवारी’. गूगल मीटचा (व्हिडिओ कॉलचा) दुवा जोडा, पाचही जणींचे ईमेल घाला, आठवण एक दिवस आधी आणि पुन्हा पंधरा मिनिटं आधी लावा. प्रत्येकीच्या फोनवर तिथली स्थानिक वेळ आपोआप दिसते. मग कुणीही बोटं मोजून हिशेब करू नये; तो हमखास चुकतो.

ईमेलवर निमंत्रण देण्याचं आणखी एक कारण आहे. नुसता दुवा व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला, तर आत घ्या म्हणून विनंती करावी लागू शकते, आणि यजमान मैत्रीण झोपून राहिली तर बाकीच्या दाराबाहेर.

मीटच्या मोफत खात्यावर तिघींहून जास्त किंवा तिघी असल्या, की कॉल ६० मिनिटांत संपतो. ५५व्या मिनिटाला सूचना येते. गप्पा उरल्याच तर पुन्हा त्याच दुव्यावर या. झूमच्या मोफत खात्यावर हीच मर्यादा ४० मिनिटांची आहे. व्हॉट्सअ‍ॅपच्या कॉलवर ३२ जण येऊ शकतात आणि वेळेची अशी अट नाही. तुम्ही सहाच जणी असल्यामुळे तेही चालेल. कॅलेंडर मात्र तरीही ठेवा, कारण तुमची अडचण वेळेची आहे.

पुण्यातल्या दोघी एकाच घरी बसून दोन फोनवरून आल्या, तर आवाज घुमतो, कधी शिट्टीही वाजते. एका फोनच्या स्पीकरमधला आवाज दुसऱ्याचा माइक उचलतो आणि पुन्हा आत पाठवतो. एकीचा माइक आणि स्पीकर दोन्ही बंद करा, नाहीतर दोघींनी एकाच फोनसमोर बसा. नुसता माइक बंद करून भागत नाही, कारण दुसरीच्या माइकला पहिलीचा स्पीकर ऐकू येतच राहतो.

माझा मित्र गावी एकटा राहतो. नजर अधू झाली आहे, टाइप करणं जमत नाही आणि रेंजही कमी. त्याला गप्पांत कसं घ्यावं? (एक वाचक, चिपळूण)

कुणीतरी एकदा त्याच्याजवळ बसून फोन लावून द्यायला हवा. व्हॉट्सअ‍ॅपच्या ‘चॅट्स’ सेटिंगमध्ये अक्षराचा आकार मोठा करा. मग तुमच्यासह दोन-तीन जवळच्या मित्रांचं चॅट उघडून, तीन टिंबांच्या मेनूतून ‘अ‍ॅड शॉर्टकट’ करा. अँड्रॉइड फोनच्या पहिल्याच पडद्यावर तुमचा फोटो येतो आणि त्यावर बोट ठेवलं की थेट चॅट उघडतं. बाकीची अ‍ॅप्स त्या पडद्यावरून काढून टाका.

कमी रेंजला व्हिडिओ कॉलचा हट्ट नको. ध्वनिसंदेश पाठवा, कारण तो रेंज येईल तेव्हा हळूहळू उतरतो. त्याला रेकॉर्ड करताना माइकवर बोट दाबून ठेवणं जड जात असेल, तर दाबून वर सरकवायला शिकवा. कुलूप लागतं आणि हात मोकळा होतो. संदेश दोन मिनिटांच्या आत ठेवा. एखाद्या संदेशात फक्त एक प्रश्न विचारा, म्हणजे उत्तर यायची शक्यता वाढते. ‘स्टोरेज अँड डेटा’मध्ये कॉलला कमी डेटा वापरायचा पर्याय चालू करा आणि फोटो-व्हिडिओ आपोआप उतरणं बंद करा, नाहीतर ग्रुपवरचे लग्नाचे व्हिडिओच त्याचा डेटा खाऊन टाकतील.

लिहूनच पाठवायचं असेल तर जीबोर्ड या गूगलच्या कळफलकाच्या सेटिंगमध्ये मराठी भाषा जोडा आणि कळफलकावरच्या माइकला बोलून दाखवा. मराठी चांगली उमटते. माणसांची आणि गावांची नावं मात्र तपासून घ्यावी लागतात.

शाळेच्या सहलीचे जुने फोटो सगळ्यांना द्यायचे आहेत. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले की धूसर होतात. (एक वाचक, मडगाव)

व्हॉट्सअ‍ॅप जागा वाचवायला फोटो दाबून लहान करतं, म्हणून ते धूसर दिसतात. दोन-चार फोटो असतील तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, मूळ फाइल तशीच जाते. जास्त असतील तर गूगल फोटोजमध्ये सामायिक अल्बम करा. तिथली १५ जीबी मोफत जागा जीमेल आणि ड्राइव्हसह मिळून असते, आणि फोटो ज्यानं चढवला त्याच्या खात्यातून ती मोजली जाते. म्हणून एकट्यानं सगळे चढवण्यापेक्षा प्रत्येकानं आपापले घालावेत.

कागदी फोटो खिडकीजवळ सावलीत, सपाट पृष्ठभागावर ठेवून टिपा. फ्लॅश वापरू नका, चकाकी येते. अल्बममधून जमत नसतील तर आधी फोटो बाहेर काढा. प्लॅस्टिकवरून काढलेल्या फोटोंत खिडकीच दिसते. चिकटून बसला असेल तर ओढू नका, प्लॅस्टिकसकटच तिरप्या प्रकाशात टिपा.

फोटो चढवल्यावर वर्णनात डावीकडून उजवीकडे नावं आणि साल लिहा. हे काम आजच करा. रांगेतल्या तिसऱ्या मुलीचं नाव आठवणारी माणसं दर वर्षी कमी होत जातात. शेवटी, दुव्यानं पाहता येण्याची मुभा बंद करून मित्रांना ईमेलनं जोडा, म्हणजे दुवा भलतीकडे गेला तरी फोटो तुमच्यातच राहतील.

मित्राच्या नंबरवरून ‘चुकून तुझ्याकडे सहा अंकी कोड आला आहे, पाठव’ असा मेसेज आला. (एक वाचक, नागपूर)

पाठवू नका. त्याचं खातं दुसऱ्याच्या हाती गेलेलं आहे आणि तो कोड तुमचं खातं घेण्यासाठी आहे. मित्राला साधा फोन करा आणि ग्रुपवर सगळ्यांना सावध करा. स्वतःच्या व्हॉट्सअ‍ॅपमध्ये ‘अकाउंट’ उघडून टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा सहा अंकी पिन आजच लावा, आणि ‘लिंक्ड डिव्हायसेस’मध्ये अनोळखी यंत्र दिसलं तर लगेच बाहेर काढा. कुणी पैसे पाठवून बसलं असेल तर त्याच तासाला १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करायला सांगा. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवता येण्याची शक्यता तेव्हाच सर्वांत जास्त असते.