सँटोरिनीचे निळे घुमट कुठून टिपावेत?

प्रश्न : ग्रीसमधल्या सँटोरिनी बेटावर दोनच दिवस मुक्काम आहे. निळे घुमट आणि सूर्यास्ताचे फोटो नेमके कुठून घ्यावेत? (एक वाचक, विजापूर रोड, सोलापूर)

उत्तर : बेटावरच्या ईया गावातल्या पडक्या किल्ल्यावर सूर्यास्ताला गड्ड्याच्या जत्रेसारखी रेटारेटी असते. त्यापेक्षा इमेरोविग्ली गावातून स्कारोस या खडकाचा कडा पुढे ठेवून सूर्यास्त घ्या. ईयाचे घुमट मात्र सकाळीच, आठच्या आत. गल्ल्या मोकळ्या असतात, ऊन तिरपे. फिरोस्तेफानी गावात चर्चच्या वरच्या रस्त्यावरून घंटा, घुमट आणि समुद्र एकाच चौकटीत बसतात. पांढऱ्या भिंतींमुळे कॅमेरा फसतो, चुना राखाडी दिसतो. एक्स्पोजर (फोटोतला उजेड) +०.७ करा, मोबाइलवर भिंतीवर बोट टेकवून उजेड किंचित वाढवा. आणि गच्च्यांवर चढू नका, ती लोकांच्या घरांची छपरे आहेत!