१३ वर्षांच्या मुलीसाठी पहिला रिकर्व्ह बो घ्यायचाय, दुकानदार ३० पाउंडचा सांगतोय, घेऊ का?

दादा, नका घेऊ. तुम्ही लिहिलंय की मुलगी पाच फूट आहे, तिरंदाजीच्या क्लासला जाऊन सहाच महिने झालेत, आणि दुकानदार म्हणतोय ३० पाउंडचा (दोरी पूर्ण खेचायला तेवढा जोर लागणारा) घ्या म्हणजे दोन-तीन वर्षं बघायला नको. आपण पोरांना वाढत्या अंगाचे कपडे घेतो ना, तसंच हे सांगतोय तो. पण ढगळ फ्रॉकने काही दुखत नाही, जड बोने खांदा जातो.

मी हे अनुभवाने सांगतेय. सोळाव्या वर्षी मला असाच एका दुकानातून ३४ पाउंडचे लिम्ब (बोच्या वरच्या-खालच्या वाकणाऱ्या पात्या) असलेला बो मिळाला होता, आणि मी हट्टाने रोज शंभर-शंभर ॲरो मारायचे. दोरी हनुवटीखाली येऊन टेकायच्या आधीच सुटायची, उजवा खांदा कानाला लागायचा, कंबरेतून मागे झुकायची सवय लागली. तीन महिन्यांनी वेणी घालायला हात वर जाईना. मग फिजिओथेरपी आणि आठ महिने बो हातात नाही, आणि परत आले तेव्हा खांदा बरा झाला होता पण ती झुकायची सवय काढायला अजून एक वर्ष गेलं.

आधी तिचं माप घ्या. भिंतीला पाठ लावून दोन्ही हात सरळ पसरून उभं करा, मधल्या बोटांच्या टोकाशी पेन्सिलने खुणा करा आणि अंतर मोजा. त्याला अडीचने भागलं की ड्रॉ लेन्थ म्हणजे ती दोरी किती मागे खेचेल ते अंदाजे कळतं. दीडशे सेंटीमीटर आलं तर साठ सेंटीमीटर, म्हणजे साधारण २४ इंच.

आता लिम्बवर जो आकडा छापलेला असतो तो २८ इंच खेचल्यावरचा असतो, हे दुकानात कुणी सांगत नाही. कमी खेचलं की वजन कमी पडतं, हलक्या लिम्बला इंचामागे एक-सव्वा पाउंड, जड लिम्बला दोनच्या आसपास. म्हणजे २० चा लिम्ब तुमच्या मुलीच्या हातात १५-१६ पडेल (आयएलएफ म्हणजे लिम्ब बसवायची एक ठरलेली फिटिंग, त्या लिम्बवरचा आकडा बहुतेक २५ इंची रायझरवर, म्हणजे बोच्या मधल्या मुठीच्या भागावर, मोजलेला असतो, लहान रायझरवर एखाद-दुसरा पाउंड वाढतो तेवढं धरा). तिला १८ किंवा २० चे लिम्ब बास झाले. तरी शंका असेल तर क्लासमधला बो घेऊन तिला पूर्ण खेचून तीस सेकंद धरायला सांगा, ॲरो लावलेला असू दे पण सोडायचा नाही, हळूच परत आणायचा, टार्गेटसमोर उभं राहूनच करा. टोक थरथरायला लागलं, पुढचा खांदा वर चढला, तर तो बो तिला जड आहे. एक ॲरो मारता येणं वेगळं आणि मॅचला ७२ मारणं वेगळं.

लिम्ब बदलायचेच आहेत हे धरूनच पैसे लावा. म्हणून शक्यतो आयएलएफ फिटिंगचा रायझर घ्या, त्यात दुसऱ्या कंपनीचे लिम्बही बसतात आणि बोल्ट फिरवून वजन थोडं कमी-जास्त करता येतं. तिच्या मापाला २३ इंची रायझर आणि शॉर्ट लिम्ब म्हणजे ६४ इंचाचा बो नीट बसेल, उंची वाढली की त्याच रायझरवर मीडियम लावले की ६६ होतो. बजेट कमी असेल तर लाकडी रायझरचा टेकडाउन, म्हणजे लिम्ब सुटे होणारा बोही चांगला, फक्त त्याचे लिम्ब सहसा त्याच मॉडेलचे मिळतात. लिम्ब जुने घेतले तरी चालतील, क्लबमध्ये मोठी मुलं विकतच असतात, फक्त बोट फिरवून चीर आणि पीळ बघून घ्या. आणि वाढवायचं तेव्हा एका वेळी दोन पाउंड.

दोन गोष्टी ऑनलाइन ऑर्डर करताना हमखास चुकतात. राइट हँड बो म्हणजे डाव्या हातात धरून उजव्याने खेचायचा. आणि हातापेक्षा डोळा बघा: दोन्ही तळव्यांची छोटी खिडकी करून तिला लांबच्या वस्तूकडे बघायला लावा, मग एकेक डोळा मिटायला सांगा, जो उघडा असताना वस्तू खिडकीतच राहते तो तिचा मुख्य डोळा. तो डावा निघाला तर ऑर्डर द्यायच्या आधी कोचशी बोला.

कोचला अजून एक विचारा, ते तिला रिकर्व्हच, म्हणजे टोकं पुढे वळलेला बिनचाकांचा बोच, शिकवणार ना. अदिती स्वामी आणि ओजस देवतळे २०२३ ला बर्लिनमध्ये वर्ल्ड चॅम्पियन झाले ते कंपाउंडवर, चाकांचा बो तो. आपल्या फलटणकडचा प्रवीण जाधव टोकियो आणि पॅरिस ऑलिम्पिक खेळला तो रिकर्व्ह. दोन्हीचं सामान वेगळं, एकाचं दुसऱ्याला चालत नाही.

वाचलेले पैसे ॲरोवर घाला. ॲरोचा ताठपणा म्हणजे स्पाइन बोच्या वजनाला जुळला पाहिजे, आकडा जितका मोठा तितका ॲरो लवचिक, हलक्या बोला तसाच लागतो. लांबी ड्रॉपेक्षा दीड-दोन इंच जास्त ठेवा, आखूड ॲरो रेस्टवरून (बोवर ॲरो टेकतो ती जागा) मागे घसरला तर सरळ हातात घुसतो. खेचणाऱ्या बोटांना टॅब, बो धरलेल्या हाताला आर्म गार्ड आणि दोरी चढवायचा स्ट्रिंगर पहिल्याच दिवशी घ्या, पायात अडकवून दोरी चढवली की लिम्बला पीळ बसतो. साइट, क्लिकर, स्टॅबिलायझर हे बोवरचं जोडसामान कोच म्हणतील तेव्हा. आणि घरी आल्यावर भाऊ-काका सगळे बो खेचून बघणार, त्यांना आधीच सांगून ठेवा की ॲरोशिवाय दोरी सोडायची नाही, एका झटक्यात लिम्ब फुटतो.

हाताचं माप घेतलंत की इथेच टाका, स्पाइन कितीचा बघायचा ते सांगते.