सक्तमजुरी त्यांची आणि आपली

प्रश्न : चिनी तुरुंगांत आणि छावण्यांत तयार झालेल्या मालावर अमेरिका बंदी घालते; परंतु तिच्याच तुरुंगांत कैद्यांना तासाला काही सेंट देऊन, कधी तेही न देता, राबवले जाते असे वाचनात आले. ‘आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं’ असाच हा प्रकार नव्हे का? मग चीनने अमेरिकेचे का ऐकावे?
– एक वाचक, सांगली

उत्तर : बाब्या-कार्ट्याचा न्याय येथे लागू पडतो, हे मान्य. ओरेगॉन या एकाच अमेरिकी राज्याचे उदाहरण घ्या. 2012 साली तेथील एका महिलेने हॅलोविनच्या सजावटीसाठी आणून ठेवलेला थर्माकोलच्या थडग्यांचा खोका उघडला, तेव्हा आत घडी घातलेली एक चिठ्ठी निघाली. चीनच्या लिआओनिंग प्रांतातील मासानजिया छावणीतल्या एका बंदिवानाने मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहिले होते की, येथे दिवसाला 15 तास काम करावे लागते, शनिवार-रविवारचीही सुट्टी नसते, काम केले नाही तर छळ आणि मारहाण होते व महिन्याकाठी हाती पडतात अवघे 10 युआन. त्याच ओरेगॉनच्या मतदारांनी 1994 मध्ये सार्वमताने आपल्या राज्याच्या घटनेत अशी तरतूद केली होती की, कैद्यांनी आठवड्याला 40 तास कामात गुंतलेच पाहिजे. आणि पेंडलटन येथील तुरुंगात शिवलेल्या जीन्स ‘प्रिझन ब्लूज’ या नावाने, म्हणजे तुरुंगाचीच जाहिरात करत, थेट जपानपर्यंत विकल्या गेल्या. कैद्यांनी बनवलेला परदेशी माल अमेरिकेत आणण्यास मात्र तेथील 1930 च्या जकात कायद्याने मनाई आहे.

या विसंगतीचे मूळ 1865 च्या तेराव्या घटनादुरुस्तीत आहे. तिने गुलामगिरी रद्द केली, पण ‘गुन्ह्याची शिक्षा म्हणून’ हा अपवाद ठेवला. लुइझियाना राज्यातील अँगोला तुरुंग 18,000 एकरांवर पसरलेला असून पूर्वी तेथे गुलामांच्या श्रमावर चालणारे मळे होते. आजही तेथे बहुसंख्येने कृष्णवर्णीय असलेले कैदी घोड्यावरील सशस्त्र पहारेकऱ्यांच्या देखरेखीखाली शेतात राबताना दिसतात, आणि शेतमजुरीचा दर तासाला 2 सेंट इतका खाली गेलेला आहे. (आपल्या न्यायालयांच्या निकालांतही ‘सक्तमजुरी’ हा शब्द इतका रुळला आहे की, तो वाचताना आपण थबकतही नाही.)

तरीही दोन्ही पारडी सारखी होत नाहीत. मासानजियासारख्या छावण्यांत माणसाला धाडण्यासाठी न्यायालयाची गरजच नव्हती. पोलिसांच्या अखत्यारीत तीन वर्षांपर्यंत डांबता येत असे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा 1930 चा करार नेमका येथेच फरक करतो : न्यायालयाने दोषी ठरवलेल्या कैद्याकडून सरकारी देखरेखीखाली काम घेता येते, मात्र त्याला खासगी मालकाच्या हाती देता येत नाही. गंमत अशी की, चीनने 2022 मध्ये हा करार स्वीकारला. अमेरिकेने अद्याप स्वीकारलेला नाही. त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने चीनच्या शिनजियांग या उइगुर मुस्लिमांच्या प्रांतातील मनमानी स्थानबद्धतेवर कडक अहवाल प्रसिद्ध केला, हेही त्याच्या जोडीला वाचावे.

चीनने अमेरिकेचे का ऐकावे, हा आपला प्रश्न बीजिंगच्या सोयीचा आहे. वॉशिंग्टनने बोट दाखवताच तेथून दरवर्षी अमेरिकेतील मानवाधिकारांवर अहवाल निघतो आणि त्यातले बरेचसे खरेही असते. परंतु छावण्यांविरुद्ध बोलणारे केवळ परके नव्हते. 2012 मध्ये बलात्कारित मुलीसाठी न्याय मागत फिरणाऱ्या हुनान प्रांतातील एका आईलाच छावणीत पाठवले गेले, तेव्हा संताप चीनमध्येच उसळला; वकील आणि वर्तमानपत्रे तिच्या बाजूने उभी राहिली, आणि डिसेंबर 2013 मध्ये ही पद्धत कायद्यातून गेली. ओरेगॉनच्या मतदारांनीही 2022 मध्ये आपल्या राज्याच्या घटनेतील, गुलामगिरीबंदीला शिक्षेचा असलेला तसाच अपवाद काढून टाकला. त्याच दिवशी लुइझियानाच्या मतदारांनी तसाच प्रस्ताव फेटाळला, आणि दोन वर्षांनी कॅलिफोर्नियानेही तेच केले.